मासळीवर मारायचं पाणी : एका मुतखड्याचं प्रकरण

मावशींना विचारून हे लिहितोय. गावाचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. सिंधुदुर्गातलं एक बंदर, एवढं पुरे.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. दुपारचे अडीच, मी दवाखान्याचं शटर ओढायच्या बेतात, आणि समोर रिक्षा थांबली. बाजारात मासे विकायला बसणारी मावशी. वय ५३. उजव्या कुशीत कळ, दोनदा उलटी झालेली. खुर्ची दिली तर बसेना, टेबलावर झोपवलं तर उठून पुन्हा येरझाऱ्या. मुतखड्याचा पेशंट ओळखायला फार अक्कल लागत नाही. अपेंडिक्सवाला हलायला घाबरतो, मुतखड्यावाला खोलीभर फिरतो.

"हयसून उठता ती थेट खाली जाता, डाक्टरानू," मावशी कुशीपासून जांघेपर्यंत बोट ओढत म्हणाली.

तिचा जुना केसपेपर काढला. आठ महिन्यांत लघवीच्या जळजळीसाठी ती दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा अँटिबायोटिक दिलेलं, आणि दोन्ही वेळा खाली माझ्याच अक्षरात एक ओळ : "भरपूर पाणी पिणे". जळजळ तिसऱ्यांदा सुरू झाली होती, पण या वेळी "सीझन आसा" म्हणून तिने ती चार दिवस अंगावर काढली. शिवाय गुडघे दुखतात म्हणून महिनाभर मेडिकलमधून रोज एक डायक्लोफेनॅकची गोळी. ही माहिती तिने आपणहून दिली नाही. पिशवीतून औषधं काढताना अर्धी संपलेली पट्टी बाहेर पडली, तेव्हा कळलं.

ताप नव्हता. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. खडा अडकलेला आणि वर थंडी-ताप, म्हणजे वाट बंद झालेल्या मूत्रपिंडात जंतू वाढत आहेत; अशा पेशंटला मी एक तासही ठेवून घेत नाही, गाडी बोलावून थेट बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पाठवतो. बाकी चित्र असं : जीभ कोरडी, नाडी १०८, रक्तदाब बसून १३०/८४ आणि उभं केल्यावर ११०/७६. लघवी कोऱ्या चहासारखी, मूठभर, तिचं विशिष्ट गुरुत्व १.०३०, म्हणजे फार घट्ट, त्यात पू-पेशी. रक्तातलं क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. सोनोग्राफीत उजव्या बाजूला, मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते तिथे, ६ मिलिमीटरचा खडा. त्याच्या मागे मूत्रपिंड किंचित फुगलेलं. डाव्या मूत्रपिंडात आणखी एक, ४ मिलिमीटरचा, निवांत बसलेला.

मुतखड्याच्या कळेवर एरवी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन हा हुकमी एक्का. इथे तेच देता येत नव्हतं. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा टिकवायला ज्या युक्तीवर अवलंबून असतं, ती युक्तीच ही गोळी हाणून पाडते. तहानलेलं शरीर आणि महिनाभराची पेनकिलर, या दोघांनी मिळून क्रिएटिनिन वर नेलं होतं, असा माझा अंदाज. वेदनेसाठी दुसरं औषध दिलं आणि सलाईन लावलं. सोबत आलेली सून म्हणाली, "दोन बाटल्या जास्ती लावा, म्हणजे खडा धुवन जायत." सलाईनने खडा धुऊन निघत नाही. ते लावलं कारण मावशी आतून सुकली होती.

लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू आला, या आजारात बहुतेक वेळा तोच सापडतो. रिपोर्टप्रमाणे औषध दिलं. मूत्रनलिका सैल करणारी गोळी रात्रीची सुरू केली आणि दर वेळी लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करायला सांगितली. नवव्या दिवशी मावशी हसत आली. सोनाराकडची कुड्यांची छोटी डबी उघडली, आत कापसावर खडा. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.

एवढ्यावर केस संपवता आली असती. मी पुन्हा पेन उचललं आणि सवयीने म्हणालो, "मावशी, आता पाणी भरपूर प्यायचं हां."

"पाणी पिवक व्हया ह्यां माका म्हायत आसा, डाक्टरानू. पण मगे जावचा खय?"

मग लघवीला जायचं कुठे, हा प्रश्न मागच्या दोन केसपेपरांवर मी विचारायला हवा होता. तिसऱ्या खेपेला तो तिनेच मला विचारला.

तिचा दिवस असा. पहाटे चारला उठणं, कपभर चहा. साडेपाचला बंदरावर लिलाव. सातपर्यंत बाजारात ओटा धरायचा, तो दुपारी दोनपर्यंत सोडायचा नाही. अकराच्या सुमारास समोरच्या हॉटेलातला कटिंग. अडीचला घरी, मग दोन पेले पाणी. संध्याकाळचा चहा. रात्री जेवताना आणि नंतर दोन पेले, ज्यांच्यामुळे रात्री दोनदा उठावं लागतं. जुळवून पाहिलं : १०० मिलि चहा, ६० कटिंग, दुपारचे ५००, संध्याकाळचे १००, रात्रीचे ४५०. दिवसाला १२०० मिलिच्या आसपास, आणि त्यातला जेमतेम पेलाभर दुपारच्या आधीचा.

एक गोष्ट मात्र मला लागली. तिने पेज सोडली होती. लहानपणापासून रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, बरोबर लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. गेल्या तीन-चार वर्षांत त्या जागी सुकी भाकरी-चटणी आली. कारण? "पेज खाल्लंय तर नवाक जावचा लागता."

पेज खाल्ली की नऊला लघवीला जावं लागतं, हे शरीरशास्त्र तिने अनुभवाने नेमकं टिपलं होतं. एका दमात तांब्याभर पाणी प्यायलं की तास-दीड तासात मूत्रपिंड ते बाहेर काढायला लागतं. म्हणून "घरून निघताना पोटभर पिऊन जा" हा आमचा आवडता सल्ला बाजारात बसणाऱ्या बाईला उलटाच पडतो.

पुढच्या रविवारी मी मासळी बाजारात गेलो. वीस वर्षं तिथून मासे आणतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिथे पिशवीशिवाय उभा राहिलो. मावशीच्या ओट्यावर बांगड्याचे वाटे, एका बाजूला दोन मध्यम इसवण, म्हणजे सुरमई, मागे बर्फाची पेटी, मांडीजवळ आदोळी, म्हणजे विळी. आणि उजव्या हाताशी दोन लिटरची पाण्याची बाटली, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. दर दहा मिनिटांनी मावशी ती उपडी करून बांगड्यांवर पाणी शिंपडायची. मासा चमकला पाहिजे, सुकला की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. दोन तासांत ती बाटली दोनदा भरून आली. मासळीला चार लिटर पाणी मिळालं. मावशीला थेंब नाही.

शौचालय होतं. ओट्यापासून दीडशे पावलांवर, कुलूपबंद. किल्ली एका टपरीवाल्याकडे, तो साडेनऊला टपरी उघडणार. आत नळाला पाणी नाही, कडी तुटलेली. समोरच्या हॉटेलात विचारलं तर अंगाला मासळीचा वास येतो म्हणून मालक नाक मुरडतो. चहा मात्र ओट्यावर आणून देतो. आणि हे सगळं जमलं तरी ओटा सोडून उठायचं कसं? "मी उठलंय काय गिराईक बाजूच्या वाट्यार." बाजूची बाई तिची चुलत जाऊ, ही वेगळी कथा.

इथे एक कायदेशीर गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने जागा घेईपर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं १८ वं कलम पिण्याच्या पाण्याचं होतं आणि १९ वं कलम संडास-मुतारीचं. २५० च्या वर कामगार असले तर उन्हाळ्यात थंड पाणी द्यायची जबाबदारीसुद्धा मालकावर होती. म्हणजे हाच बांगडा मोठ्या मासळी कारखान्यात साफ करणाऱ्या बाईला पाणी आणि मुतारी दोन्ही कायद्याने मिळतं. तोच बांगडा ओट्यावर विकणारी बाई कुणाचीच कामगार नाही, त्यामुळे असं कलम तिला लागतच नाही. मुंबईतल्या बायकांनी २०११ मध्ये 'राइट टू पी', म्हणजे लघवी करण्याचा हक्क, ही मोहीम उभी केली तेव्हा आमच्यासारखे डॉक्टर नावाला हसले होते. मीही हसलो होतो.

मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. पाणी कमी पडलं की मेंदूतून संप्रेरक सुटतं : आणखी ओढून घ्या, सोडू नका. मूत्रपिंड हुकूम पाळतं, लघवी घट्ट होते. कॅल्शियम आणि ऑक्झलेट तेवढंच, त्यांना विरघळायला पाणी मात्र निम्मं. हे मावशीला सांगायला मला उपमा शोधावी लागली नाही, तिचं माहेर शिरोड्याकडचं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तिथलं. मिठागरात पाणी आटत गेलं की कडेने दाणे धरतात, तसंच, एवढंच म्हणालो.

"म्हणजे माझ्या पोटात मिठागर घातलंय मी," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

जळजळीचं गणित निराळं. लघवी वाहत राहिली तर जंतूंना मूत्राशयात ठाण मांडायला सवड मिळत नाही. सात-सात तास रोखून धरली की मिळते. २०१८ मध्ये बल्गेरियातल्या १४० बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार जळजळ होणाऱ्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. मात्र त्या सगळ्या पाळी चालू असलेल्या बायका होत्या. मावशीची पाळी जाऊन पाच वर्षं झालेली, तेव्हा ते आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. खड्याच्या बाबतीत पुरावा जास्त जुना आणि थेट आहे. १९९६ मध्ये इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना.

गावात प्रत्येकाकडे मुतखड्याचा उपाय असतो. मावशीला तोवर कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं आणि बिअर असे तीन सल्ले मिळाले होते. कुळथाच्या पाण्याला माझी ना नाही. तांब्याभर पाण्यात मूठभर कुळीथ उकळून ते पाणी पोटात जात असेल तर निदान तांब्याभर पाणी तरी गेलं.

मे महिन्यात, खडा पडून गेल्यावर, मी तिला चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली. मुद्दाम बाजाराच्या दिवशी. तिने तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन धुऊन घेतला आणि दुसऱ्या दिवशी नातवाच्या सायकलवरून पाठवला. मोजली, ६४० मिलि. बाजारातली कशी गोळा केली असं विचारलं, तर म्हणाली काहीच अडचण आली नाही. बाजारातली काही नव्हतीच.

खडा झालेल्या माणसाने दिवसाला निदान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, असं मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात. किती प्यायलं याहून किती निघाली हे मोजायचं, कारण मधला घाम कुणी मोजत नाही. आणि आमच्याकडचा घाम फसवा. हवेत आधीच इतकी वाफ की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. वाळत नाही म्हणून अंग गार होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार सपाटीवर ४० अंशांपासून करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासून, ते उगाच नाही. मावशीचे तर हात दिवसभर ओले आणि पाठीशी बर्फ. आपल्याला तहान लागते असं तिला वाटायचंच नाही.

आधी जायची सोय, मग पाणी, असा क्रम आम्ही ठरवला. कुलपाबद्दल मी एक अर्ज दिला. त्याचं पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. वाट मावशीनेच काढली. बाजाराच्या मागच्या आळीत एक म्हातारी काकी एकटी राहते. दोन्ही मुलं मुंबईला. तिची न्हाणी आणि संडास परसात, बाहेरूनच दार. मावशीने पाच जणींना जमवलं, सहावी आपण, आणि काकीशी सौदा केला : सकाळी सात ते दोन या वेळात आम्ही येणार, बादलीभर पाणी आमचं आम्ही ओतणार, आणि रोज एकीने काकीला तिच्या पुरता वाटा द्यायचा. सोमवारी काकी शिवराक, म्हणजे मासे खात नाही, तेव्हा सोमवारचा वाटा मंगळवारी. ओट्यावर कोण लक्ष ठेवणार याच्याही जोड्या लागल्या. मावशीची जोडी चुलत जावेशी लागली. सहा वर्षांत त्या दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या.

सोय झाल्यावर पाण्याला फारसं सांगावं लागलं नाही. पेज परत आली. मासळीच्या बाटलीशेजारी प्यायची दुसरी बाटली, ओळखायला मानेला लाल दोरा. तासाला दोन-चार घोट, एकदम नाही. बाटलीत रोज अर्धं लिंबू पिळायला सांगितलं, कारण लिंबातलं सायट्रेट खडा धरायला अडथळा करतं. डायक्लोफेनॅक पूर्ण बंद. पुरेसं प्यायलं का हे बघायला दुपारी घरी आल्यावरची लघवी बघायची, फिकी पाहिजे. सकाळची पहिली सगळ्यांचीच गडद असते, तिच्यावरून घाबरायचं नाही.

दिवसाला आठ पेले असा आकडा मी दिला नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका आहार मंडळाने अडीच लिटरचा आकडा दिला आणि पुढच्याच वाक्यात म्हटलं की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं. पेज, आमटी, सोलकढी, माशाचं तिकलं, हे सगळं पाणीच आहे.

इथे माझी आणखी एक चूक नोंदवतो. मावशीच्या बाटलीचा बोलबाला झाला आणि सहा जणींतल्या एकीने, माझ्याच पेशंटने, रोज पाच लिटर पाणी प्यायला सुरुवात केली. तिचं हृदय कमजोर, लघवी होण्याची गोळी चालू, आणि पाणी बेताने पिण्याचा सल्ला मीच दिलेला. पंधरा दिवसांत पायांना सूज, रात्री झोपलं की दम. वेळेवर आली म्हणून निभावलं. बाजारात उभा राहून मी जे सगळ्यांसमोर बोललो, ते तिच्यासाठी नव्हतं, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. हृदयाचा, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी पाण्याचं माप आपापल्या डॉक्टरकडून घ्यायचं असतं.

सहा आठवड्यांनी मावशीचं क्रिएटिनिन १.० वर आलं. जून-जुलैची मासेमारीबंदी गेली, बाजार पुन्हा भरला. ऑक्टोबरच्या उकाड्यात, बाजाराच्याच दिवशी, चोवीस तासांची लघवी पुन्हा मोजली : १९०० मिलि. जळजळ मेपासून एकदाही नाही.

डिसेंबरात काकी धाकट्या मुलाकडे मुंबईला गेली, महिन्याभरासाठी. परसाच्या फाटकाला कुलूप. मला हे माहीत नव्हतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मावशी जळजळ घेऊन आली तेव्हा मी आधी बाटलीबद्दलच विचारलं. बाटली होती, लाल दोऱ्यासकट. भरलेली. लघवी मोजली तर ९०० मिलिवर आली होती. हवा थंड, घाम जवळजवळ नाही, तरी ९००. औषधात काही बदल झाला नव्हता, स्वभावात नाही, समजुतीत तर नाहीच. बदललं होतं एक फाटक.

काकी संक्रांतीनंतर परतली. मेअखेरीला ती पुन्हा जाणार आहे, नातवाच्या मुंजीला. तिने फाटकाची दुसरी किल्ली करून घेतली. ती आता मावशीच्या पैशांच्या पिशवीच्या नाडीला बांधलेली असते. त्याबद्दल काकीने सौद्यात भर घातली : महिन्यातून एकदा इसवणाची तुकडी, मधली, शेपटीची नव्हे. डाव्या मूत्रपिंडातला खडा अजून तिथेच आहे, ४ मिलिमीटर. पुढची सोनोग्राफी एप्रिलमध्ये.